करंगळीची गाठ

नव्या खोक्यातून ओढलेल्या पहिल्याच हातमोज्याच्या करंगळीला गाठ मारलेली होती. कारखान्यात काहीतरी चुकलं असेल, अशी स्वतःची समजूत घालून तिनं तो गॅरेजातल्या गाडीच्या टपावर ठेवला आणि दुसरा ओढला. तो सरळ होता, पाचही बोटं मोकळी. मग तिसरा ओढला, आणि त्याच्या करंगळीला पुन्हा गाठ.

खोकं तिनं तासाभरापूर्वीच कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलं होतं आणि त्याच्या तोंडावरची पुठ्ठ्याची पट्टी आत्ता तिनंच, आपल्या नखानं, फाडली होती.

"घरकामाला हवेत की गाडीला?" दुकानातल्या काकूंनी विचारलं होतं.

"दोन्हीला. आधी गाडी पुसायचीय, मग स्वयंपाकघर आवरायचंय."

"मग हे पारदर्शक नकोत, तेल लागलं की फाटतात. हे काळे घे. आणि आत पावडर नसलेलेच घे हो, नाहीतर काचेवर पांढरे ठसे उमटतील आणि बसशील पुन्हा पुसत."

"पण जाड आहेत ना? कपबशी निसटली हातातून तर?"

"तर एक कपबशी जाईल! त्यात एवढं काय घाबरायचं?" काकू हसल्या आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुझे बाबाही हेच न्यायचे. कसे आहेत?"

"तसेच आहेत," ती म्हणाली. दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतंच. आठ महिन्यांपूर्वी बाबांची उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि दादानं त्यांना दोन तासांच्या अंतरावरच्या आपल्या घरी नेलं; तेव्हापासून ते तिथं खिडकीजवळच्या पलंगावर नुसते पडून असत.

बाबा शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. वापरून टाकून द्यायच्या हातमोज्यांची सवय त्यांना तिथली. आई गेल्यावर घर आणि गाडी दोन्ही त्यांच्या अंगावर पडली, तेव्हा भांडी घासायला आणि इंजिनात हात घालायला एकाच खोक्यातले मोजे निघू लागले. सकाळी त्याच हातांनी तिची वेणी घालताना मात्र ते मोजे काढत आणि बोटांना रबराचा कोरडा, गोडसर वास येई. ती सात वर्षांची असताना फॅनबेल्टनं त्यांच्या उजव्या करंगळीची दोन पेरं नेली. मोज्याचं ते रिकामं टोक मग फडफडे, पुन्हा बेल्टात अडकायची भीती, म्हणून त्याला आधीच गाठ मारून ठेवायची पद्धत पडली आणि ते काम तिच्याकडे आलं. रविवारी सकाळी पायरीवर बसून, मांडीवर खोकं घेऊन, ती एकाआड एक मोज्याला गाठ मारी. एका वेढ्याची गाठ निसटे, म्हणून ती दोन वेढे घेई आणि टोक दातांनी ओढी. "आमची फॅक्टरी सुरू झाली!" असं ओरडत बाबा चहाचा कप घेऊन बाहेर येत. या मोज्यांना डावं-उजवं नसतं. जगात फक्त त्यांच्याच घरात ते होतं.

आत्ता टपावर पडलेल्या दोन्ही गाठी दोन वेढ्यांच्या होत्या.

तिनं खोकं उपडं केलं नाही. तेवढा धीर झाला नाही. आपल्याच नकळत आपली बोटं हे करतायत की काय, अशी शंका आल्यावर तिनं उजवा हात पाठीमागे धरला आणि नुसत्या डाव्या हातानं आणखी दोन मोजे ओढले. एक मोकळा. एक गाठीचा.

सकाळी दादाशी फोनवर वाजलं होतं थोडं. बाबांची गाडी विकायला काढली होती, ती बघायला माणूस चार वाजता येणार होता.

"बाबांना एकदा विचारायला हवं होतं, दादा. त्यांचा जीव आहे तिच्यात."

"विचारायचं कसं, ते तरी सांग. आणि उत्तर कोण देणार? भित्री भागूबाई, तू फक्त गाडी चकाचक कर. बाकी मी बघतो."

तिनं "बरं" म्हणून फोन ठेवला होता. असं मान तुकवणं तिला नेहमीच सोपं जाई, आणि नंतर ते दिवसभर सलत राही.

शेवटी तिनं मोकळे मोजे चढवले, काचा पुसल्या, सीटच्या फटीतून तिच्या शाळेच्या दिवसांतलं एक रबरबँड निघालं ते खिशात ठेवलं, आणि फडकी धुवायला आतल्या दारानं घरात गेली. दहा मिनिटंही झाली नसतील. परत आली तर बॉनेट उघडं होतं, दांड्यावर नीट टेकवलेलं. गॅरेजचं शटर मघासारखंच खाली होतं, कडी आतून लागलेली. ऑइल मोजायची पट्टी पुसून फडक्यावर आडवी ठेवली होती. टपावरच्या गाठीच्या मोज्यांपैकी एक आता बॅटरीशेजारी पडला होता, हातातून सोलून काढल्यासारखा, आतली बाजू बाहेर. तिनं बोट लावलं. तो दमट होता, आणि कोमट.

तिला स्वतःसाठी भीती वाटलीच नाही, याचं तिला पुढे कितीतरी वेळ नवल वाटत राहिलं. मनात आलं ते एवढंच, की बाबांना काहीतरी झालंय. आपण न विचारता गाडी विकायला काढली आणि तिकडे, आत्ता, या क्षणी, त्यांना काहीतरी झालंय.

दादाचा फोन वाजून वाजून बंद झाला. वहिनीचाही. दुपारच्या जेवणाची वेळ, दोघंही घरात, फोन टेबलावर. असं कधी होत नसे. तिनं पुन्हा दादाला लावला. पुन्हा वहिनीला. "उचला ना रे कुणीतरी," ती मोठ्यानं म्हणाली, आणि गॅरेजात आपलाच आवाज ऐकून दचकली. आता बाबा नुसते असू देत, बोलले नाहीत तरी चालेल, पडून असू देत, पण असू देत, एवढंच ती घोकत होती. घाम आलेल्या अंगठ्यानं तिनं तिसऱ्यांदा दादाचा नंबर दाबला.

आठव्या घंटेला फोन उचलला गेला.

"दादा? बाबा बरे आहेत ना? दादा, बोल ना!"

 पलीकडून रबर ताणून सोडल्याचा एक बारीक आवाज आला. मग घोगऱ्या पण अगदी स्पष्ट आवाजात, जरासं कौतुकानंच, बाबा म्हणाले,

"आवळतात गं मला हे मोजे. एक माप मोठे नव्हते का?"