चोकची वायर

तात्यांचा हात लागला की गाडीतला बिघाड पळून जातो, असं सगळी गल्ली म्हणायची आणि तात्यांना ते ऐकायला गोड लागायचं. गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्यांचा जन्म गेला होता. घरच्या जुन्या गाडीत इंजिनाला पेट्रोल मोजून देणाऱ्या इंजेक्शनचा कॉम्प्युटर जळला आणि नवा कुठे मिळेना, तेव्हा मुलगा म्हणाला, "भंगारात काढू या." तात्यांनी ऐकलं नाही. इंजेक्शनचं सगळं लटांबर उतरवून त्यांनी जुन्या पद्धतीचा कार्बुरेटर बसवला आणि त्याच्या इलेक्ट्रिक चोकला वायर जोडली. गार इंजिनाला सुरू होताना पेट्रोल जास्त आणि हवा कमी लागते. तेवढ्यापुरती चोकची झडप मिटलेली असते, मग विजेने तिची स्प्रिंग तापली की आपोआप उघडते. गाडी सुरू झाली. तात्यांनी ऐटीत किल्ली सुनेच्या हातात ठेवली. ती नर्स होती, सकाळची पाळी असायची.

थोड्याच दिवसांत गाडी रुसली. सकाळी किल्ली फिरवली की नुसतं टक् टक्. तात्या बॅटरी चार्ज करून द्यायचे, की पुन्हा तेच.

"आतला दिवा चालू ठेवतेस तू."

"नाही हो बाबा, मी बघून उतरते."

"मग बॅटरी काय भुतं पितात?"

एकदा सुनेची आई भेटायला आली होती. परत सोडायला म्हणून दोघी गाडीत बसल्या आणि गाडी ढिम्म हलेना. तात्या दारातूनच कडाडले, "दिवे विझवायची सवय लहानपणी घरात लागावी लागते. तिथेच नाही लागली, तर आता कोण काय करणार!"

विहीणबाई गाडीतून उतरल्या. पिशवी उचलून चालू लागल्या. सून मान खाली घालून त्यांच्या मागून गेली.

त्यानंतर ती बसने जाऊ लागली. आता बघा कशी बॅटरी टिकते ते, असं म्हणत तात्यांनी बॅटरी पुन्हा भरली आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. शनिवार-रविवार गाडीचं दारही कुणी उघडलं नाही. सोमवारी ते ऐटीत जाऊन बसले. टक् टक्.

बॉनेट उघडून त्यांनी कार्बुरेटरला हात लावला. इंजिन गारठलेलं होतं आणि चोकची गोल टोपी मात्र कोमट.

म्हणजे किल्ली बंद असतानाही चोक वीज खात होता. वायर कुठून घेतली होती, ते शोधायचीही गरज नव्हती. जुन्या कॉम्प्युटरची मेमरी जागी ठेवणारी वायर, किल्ली बंद असली तरी वीज वाहणारी. हाताशी आली म्हणून त्यांनी तीच जोडली. मीटर लावून बघितलं होतं, पण किल्ली चालू ठेवून. किल्ली बंद करून एकदाही नाही. दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर त्यांनी त्याची चारचौघांत सालटी काढली असती.

किल्लीबरोबर सुरू होणाऱ्या वायरवर त्यांनी चोक जोडला, मध्ये फ्यूज टाकला. तेवढंच काम होतं. बॉनेट मिटताना मनात येऊन गेलं, कुणाला काय कळतंय?

संध्याकाळी सून आली. त्यांनी किल्ली पुढे केली. "आता चालव. ठीक केली."

"नको बाबा. उतरल्यावर दोन-दोनदा काचेला डोळा लावून बघायचे, तरी माझ्याकडून दिवा चालू कसा राहायचा कुणास ठाऊक."

तात्यांना तिच्याकडे बघवेना. "तुझ्याकडून काही राहत नव्हतं," ते म्हणाले. "वायर मी चुकीच्या जागी जोडली होती. पहिल्यापासून."

तिने खांद्यावरची पर्स खाली ठेवली. मग रुग्णाचं सांगावं तशा सरळ आवाजात म्हणाली, "आई त्या दिवशी घरी जाऊन जेवली नव्हती."

तात्यांनी फोन लावला. "विहीणबाई, ती कॉम्प्युटरची एक वायर असते, तिला—" आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. "वायरचं राहू द्या. तुमच्या लेकीला आणि तुम्हाला मी नको ते बोललो. माझं चुकलं."

पलीकडून विहीणबाई म्हणाल्या, "बरं. तिला द्या जरा."

फोन सुनेच्या हातात देऊन तात्या अंगणात गेले. आतून मायलेकींचं हळू बोलणं ऐकू येत होतं. शब्द कळत नव्हते आणि कान देण्याचं त्यांचं धाडसही झालं नाही.