तिसरी फळी

मी मोडलेली नाही. आधी एवढं ऐकून घ्या. मी कोण, ते मग सांगते. एलोयच्या जुन्या हिरव्या पिकअपच्या पुढच्या डाव्या चाकावरची मी स्प्रिंग. उजव्या चाकावर माझी जुळी बहीण होती. सध्या आम्ही दोघी त्याच्या परसात, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी गंज खात पडलो आहोत.

आमच्या एस्पान्योला गावात बुटकी गाडी म्हणजे मान. रविवारी चर्चपुढून गाड्या रस्त्याला पोट टेकवत सरकतात आणि लोक कौतुकाने बघत राहतात. एलोयची गाडी मात्र उंचच राहिली. डोंगरातून सरपण आणायचं, शेतातून मिरच्यांची पोती आणायची. पोट घासून कसं चालेल?

खड्डा आला की मी दबायचे, सुटायचे, आणि लगेच आत कान लावायचे: कुणाला लागलं तर नाही? स्वभावच मेला काळजीचा. त्याची बायको ओफेलिया तिसऱ्या खेपेला कळा सोसत या गाडीतून दवाखान्यात गेली, तेव्हा मी जीव मुठीत धरून होते. नाल्यापाशी एक गचका बसलाच. तो रस्त्याचा की माझा, हे मला कधी ठरवता आलं नाही. पण ती कण्हत म्हणाली, "ही गाडी आहे म्हणून पोचतेय." ते माझ्याबद्दलच होतं, असं मी धरून चालले. इतकी वर्षं त्यावरच तर काढली.

मग तिचा खुबा दुखावला. एका रविवारी तिने पाय उचलला, तो गाडीच्या दारापर्यंत पोचेचना.

"तू जा पुढे. मला आज कणकण आहे," ती म्हणाली. पुढच्या रविवारीही कणकणच.

एलोयने लाकडी स्टूल करून आणलं. ती त्याकडे बघतच राहिली.

"म्हाताऱ्या, हे चर्चपुढे मांडणार? सगळ्या बायका बघणार, आणि मी कोंबडीसारखी खुराड्यात चढणार?"

"मग काय करू, उचलून ठेवू?"

"आधी स्वतःची कंबर सांभाळ."

स्टूल चुलीत गेलं. एलोय गाडी घेऊन भाच्याच्या, रोसेंदोच्या गॅरेजात गेला आणि म्हणाला, "बुटकी कर."

रोसेंदो हसला. "मामा, या वयात? कुणावर छाप पाडायचीय?"

"तुझ्या मामीवर."

रोसेंदोला ती थट्टा वाटली. गाडीखाली वाकून तो म्हणाला, "स्पिंडल बदलू. चाकाचा खुंटा वर सरकतो, तेवढी गाडी खाली बसते. स्प्रिंगा याच राहतात. नाहीतर याच कापून आखूड करू, स्वस्तात होईल."

"कापायचं नाव काढू नकोस. कापलेल्या स्प्रिंगेवर गाडी शेळीसारखी उड्या मारते. आणि मी असेपर्यंत या हलणार नाहीत."

सांगते, त्या दिवशी मी लोखंडाची आहे हे विसरले.

किती खाली आणायची ते मोजायला ओफेलिया आली, ती गॅरेजचं दार ओढून घेतल्यावरच. रोसेंदोने गाडीशेजारी फळी टाकली. फळीवर ती जेवढी उंच होईल, तेवढी गाडी खाली यायला हवी. पहिली फळी, पाय अधांतरी. दुसरी, चवडा टेकला आणि घसरला.

"स्पिंडलने एवढंच मिळतं, मामी," रोसेंदो म्हणाला. आता तो हसत नव्हता.

त्याने तिसरी फळी टाकली. ओफेलिया कुणाचा हात न धरता आत गेली, बसली, झगा सारखा केला.

"तिसरीसाठी स्प्रिंगा बदलाव्या लागतील. आखूड तयार मिळतात."

तिसरी फळी म्हणजे मी होते.

एलोयने बॉनेटवर हात ठेवला. वाटलं, आता बोलेल. बोलली ती, आतून: "काढ रे त्या. जन्मभर हाडं खिळखिळी केलीत माझी."

म्हणजे नाल्यापाशीचा तो गचका माझाच होता. इतकी वर्षं तिने तो जपून ठेवला होता, आणि मी भलतंच काही.

त्याच दुपारी आम्ही दोघी गाडीखालून बाहेर आलो. एलोयने आम्हाला हात लावला नाही. रोसेंदोलाच उचलायला लावलं.

रविवारी ती दोघं चर्चला गेली. शेजारच्या सालोमोनने परतल्यावर कुंपणावरून टोमणा मारला, "काय रे, शिंगं मोडून वासरांत शिरलास?"

एलोय म्हणाला, "स्प्रिंगा मोडल्या होत्या. बदलायच्याच, तर म्हटलं बुटक्या घालू."

का म्हणाला ते मला कळतं. कळतं म्हणून बोचत नाही असं थोडंच आहे?

परवा सालोमोन परसात आला. त्याची पिकअप आमच्याच जातीची, आणि तिची स्प्रिंग खरोखरच मोडलेली. त्याने मला उचललं, गंज अंगठ्याने पुसला, फिरवून फिरवून पाहिलं. तुटलं कुठेच नव्हतं.

"एलोय, या तर धड आहेत. दोन्ही दे मला. सरपणाला डोंगरात जायचंय."

डोंगर! मी अंग आवरून वाट बघत राहिले.

"मग बदलल्यास कशाला?" त्याने विचारलं.

ओफेलिया दारात उभी होती. काठी तिने दाराआड सरकवली. "आतून मोडल्यात त्या, भाऊजी."

"वहिनी, स्प्रिंगेला आत कुठे असतं?"

तिने एलोयकडे पाहिलं. एलोयने माझ्याकडे पाहिलं, पण पुरतं नाही.

"ठेव खाली, सालोमोन. दगा देतील. उतारावर काही झालं तर तुझ्या बायकोला मी काय तोंड दाखवू?"

सालोमोनने मला हळूच खाली ठेवलं, हात पँटला पुसले आणि गेला. ओफेलिया आत वळली. एलोय कोंबड्यांना दाणे टाकू लागला. काही दाणे माझ्या वेढ्यांत पडले. कोंबड्या आता तिथेही टोचतात.

मला वाचा असती तरी काय बोलणार होते? माझं खरं सांगायचं तर तिचंही सांगावं लागतं. म्हणून तुम्हाला सांगितलं, तुम्ही परके. कधी एस्पान्योलात आलात, आणि चर्चपुढे हिरव्या गाडीतून कुणी म्हातारी ताठ मानेने एकटी उतरताना दिसली, तर तिला काही विचारू नका. परसात या. माझ्यावर पाय देऊन उभे राहा. जरा दबेन. मग उतरा, आणि बघा.

होते तिथे येईन.