खाडीत सोडलेली गाठ

माझ्या मुलाने, गुरुदासने, स्वतःच्या बायकोच्या अंगातील गाठ खाडीत सोडली आणि घरी येऊन सांगितले की ती साधी होती. हे मला आठ महिन्यांनी कळले.

२००४ च्या मार्गशीर्षात वेंगुर्ल्याच्या एका डॉक्टरांनी माझ्या सुनेच्या, वर्षालीच्या, कानाखालील लाळग्रंथीतून लिंबाएवढी गाठ काढली. औषधी पाण्याच्या बाटलीत घालून ती गुरुदासच्या हाती दिली. "गोव्यात तपासून आणा. कर्करोग निघाला तर त्याची श्रेणी कळली पाहिजे. खालची असली तर शस्त्रक्रिया पुरते, वरची असली तर किरणांचा शेक लगेच द्यावा लागतो." टाके काढताना गुरुदासने "साधी आहे, कागद मागाहून येईल" असे ठोकून दिले. डॉक्टरांनी तो कागद पुन्हा मागितला नाही. त्यांनाही मी क्षमा केलेली नाही.

श्रावणात गाठ परतली. वर्षालीचे तोंड वाकडे झाले, डोळा मिटेना. आता डॉक्टरांना अहवाल आठवला. मी गुरुदासला ओटीवर उभा केला.

"कागद खंय आसा?"

"नाय गो आये."

"आणि बाटली?"

"खाडयेत सोडलंय. आंगातलो तुकडो परक्याच्या हातात कसो देवचो? कोणी करणी केल्यान तर?"

"करणी तूच केलंस, मेल्या! आनी कोणाची वाट बघी होतंस?"

दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतरची बाटली मी स्वतःच्या मांडीवर घेऊन बांद्यावरून एस.टी.ने गोव्याला नेली. अहवाल आला. श्रेणी सर्वांत वरची, रोग मानेपर्यंत उतरलेला. शेक देऊ, पण आशा बेताची ठेवा, असे डॉक्टर म्हणाले.

घरी पोचताच अंगणात गुरुदास कुजबुजला, "तिका सांगा नको. साधी म्हणान सांगूया."

"परत? तुझी एक साधी तिच्या जिवार इली, ती पुरी नाय? चल, तिच्यासमोर वाच. एक ओळ गाळलंस तर ह्या घराचो उंबरो तुका बंद."

त्याने वाचले. वर्षालीने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग वाकड्या ओठांनी, सावकाश विचारले, "पयल्या गाठीची श्रेणी खंयची होती?"

त्याने अहवालाची घडी घातली.

"सांगा ना. तेवाच शेक मिळालो असतो तर मी वाचलंय असतंय?"

"माका ठावक नाय."

"परत इचार गो," मी सुनेला म्हणाले, "रोज इचार. उत्तर त्येना खाडयेत बुडयलेला आसा, पण प्रश्न तरी त्येका ऐकूक लागतलो."