घोड्यांच्या पोथीची शेवटची पाने

मित्रांनो, मी एक जुनी हस्तलिखित पोथी आहे. देवांच्या किंवा राजांच्या कथा माझ्यात नाहीत, माझ्यात घोडे आहेत. घोड्याचे पोट दुखले तर काय द्यावे, खुरात रुतलेला खडा कसा काढावा, बिथरलेल्या घोड्याला कसे चुचकारावे, हे सारे माझ्या पानांवर लिहिले आहे.

मला एका अश्ववैद्याने एका जुन्या ग्रंथावरून लिहून काढले. त्याच्या बायकोने कागदाला खळ लावली आणि गुळगुळीत दगडाने पाने इतकी घोटली, की बोरू त्यांवरून सुळकन सरके. शाई दिव्याच्या काजळीची आणि मथळे तांबडे. पुढे वैद्य मला थैलीत घालून तबेल्या-तबेल्यांतून फिरू लागला. त्याच्या तेलकट अंगठ्याचा ठसा अजून माझ्या एका पानावर आहे. एका खोडकर शिंगराने माझा कोपरा चावला होता, तोही तसाच आहे. मला त्याचे जराही वाईट वाटत नाही. त्या कामाच्या खुणा आहेत.

वैद्य गेला, घोडेही गेले आणि मी पेटीत पडले. काम सरले की कोण कोणाला विचारतो? एकदा छप्पर गळून पेटीत पाणी शिरले. कागदाची खळ भिजली, मग वाळली, आणि माझी शेवटची पाने चिकटून त्यांची पार वीट झाली. पुढे त्या घराण्यातल्या एका सुनेने मला रद्दीतून बाजूला काढले आणि एका संशोधन ग्रंथालयाला दिले. तिथे कोरडे कपाट मिळाले, मऊ सुती वेष्टन मिळाले. वर चिठ्ठीही लागली : 'शेवटचा अध्याय उघडत नाही.'

मग एके दिवशी काठी टेकत एक निवृत्त संशोधक आले. त्यांची मुलगी याच ग्रंथालयात जुन्या कागदांची दुरुस्ती करायची. तिला सगळे ताई म्हणत, म्हणून हे सगळ्यांचे बाबा झाले.

"या ग्रंथाच्या सगळ्या प्रती पाहिल्या. शेवटचा अध्याय कुठेच नाही," बाबा ताईला म्हणाले. "असला तर हिच्यातच. पातळ सुरी घाल आणि उघड."

"बाबा, ही पोथी आहे, बरणीचं झाकण नाही."

"माझं वय बघ. मी किती थांबू?"

"हिचं वय बघा. ही तुमच्याहून मोठी आहे."

बाबा गाल फुगवून बसले. पण ताईचे खरे होते. पाणी जास्त झाले तर शाई पुसली जाणार, कमी पडले तर कागद फाटणार, आणि गेलेले अक्षर पुन्हा कुठून आणणार?

तिने मला एका बंद पेटीत जाळीवर ठेवले. खाली ओला टीपकागद पसरला. नुसत्या दमट हवेने माझी खळ हळूहळू सैल होऊ लागली. एका सकाळी ताईने बांबूची पातळ पट्टी कडेने अलगद आत सरकवली. पान थोडे उचलले गेले आणि तिचा हात थबकला. मथळ्याची तांबडी शाई समोरच्या पानावर उमटली होती. मूळ जागी नुसता डाग उरला होता. मी तर हबकलेच.

"मथळा गेला, बाबा," ती हळूच म्हणाली.

बाबा उठून जवळ आले. "गेला कुठे? समोर उलटा बसलाय. आरसा आण."

ताईने पर्समधला आरसा धरला. बाबांनी डोळे बारीक केले, अक्षर अक्षर जुळवले आणि अर्थ सांगितला : "म्हाताऱ्या घोड्याची निगा." ताईने डोळे पुसले आणि पुन्हा पट्टी उचलली. त्यानंतर बाबांनी एकदाही घाई केली नाही.

एकेक पान सुटत गेले. किती काळाने माझ्या त्या ओळींना उजेड दिसला. आनंदाने नाचावेसे वाटत होते, पण नाचले असते तर फाटले असते. सगळी पाने वाळल्यावर बाबांनी शेवटची ओळ वाचून दाखवली : "म्हाताऱ्या घोड्याला ठाणावर बांधून ठेवू नये. रोज थोडे चालवावे. त्याच्याशी बोलावे."

"ऐकलंत ना, बाबा? रोज थोडं चालवावं. डॉक्टर वेगळं काय सांगतात?"

"ते घोड्यासाठी आहे. आणि बोलावं असंही लिहिलंय. ते कोण करणार?"

"चला, चालता चालता बोलू."

बाबा कुरकुरत उठले. खिडकीतून मला दोघे अंगणात फेऱ्या मारताना दिसले. बाबा हातवारे करून काहीतरी सांगत होते आणि ताई पोट धरून हसत होती.

आता माझ्या पानांची छायाचित्रे दूरदूरचे लोक वाचतात. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी असेल, तर त्याला चिकटपट्टी लावू नका, थुंकी लावून पाने उलटू नका, चिकटलेले पान ओढू नका. जाणत्या माणसाकडे न्या. आम्हाला उन्हापावसापासून जपा, वाळवीपासून जपा. वाचणाऱ्यांपासून मात्र जपू नका.