वाळूवरचे लाल बूट

त्या अ‍ॅनिमेचं जपानी नाव इतकं लांबलचक होतं, की रत्नागिरीतल्या त्या छोट्या स्टुडिओत ते कुणाला धड घेताच येत नसे. सगळे नुसतं 'भूतमारी' म्हणत. कामही नावाला शोभेलसंच होतं. रेन नावाचा पोरगा तलवार घेऊन राक्षस कापत सुटायचा. एका दृश्यात तलवार उजव्या हातात, पुढच्यात डाव्या. राक्षस मरून पडला तरी त्याचं तोंड आपलं हलतच असे. एकदा तर आकाशात दोन चंद्र उगवले आणि त्याची कुणी दखलसुद्धा घेतली नाही. बनवणाऱ्यांना घाई फार, म्हणून काम चार देशांत वाटून दिलेलं, आणि त्यातला एक तुकडा मारुती मंदिराजवळच्या या दोन खोल्यांत यायचा. मुख्य चित्रं तिकडून येत, त्यांच्या मधली हालचालीची चित्रं इथे काढली जात.

पाचव्या भागाने मात्र कहर केला. रेन समुद्रावर येतो, होडीत चढतो आणि पाण्यातून वर आलेल्या राक्षसाशी लढतो. किनाऱ्यावर त्याच्या पायात गुडघ्यापर्यंतचे लाल बूट, होडीत पाऊल टाकलं की पाय उघडे. अख्खी लढाई अनवाणी! लोकांनी त्याचे व्हिडिओ करून इंटरनेटवर धुमाकूळ घातला. बुटांची खेळणी बाजारात आणायचं ठरलेलं, त्यामुळे तिकडच्या साहेब लोकांचा पारा चढला. होडीतला प्रत्येक शॉट दुरुस्त करून द्या, नाहीतर यापुढचं काम मिळणार नाही, असा निरोप आला.

"हे पाय कुणी काढले?" सुजय सरांनी विचारलं. स्टुडिओ त्यांचाच.

"मी," रुचिरा म्हणाली.

तिचं तिलाच नवल वाटत होतं. मुख्य चित्रं घाईत कंबरेपर्यंतच आली होती. पाय इथे ज्याने त्याने काढून घ्यायचे होते. बुटांचा नमुना तिच्या समोर भिंतीवर चिकटवलेला होता, बकलांसकट. तरीही होडीतल्या एकाही चित्रात तिने बूट रेखाटले नव्हते, आणि आपण ते रेखाटले नाहीत हे जग हसायला लागेपर्यंत तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

"सर, आमच्याकडे हर्णैला होडीत कुणी चपला घालून चढत नाही. होडी म्हणजे लक्ष्मी. सगळे वाळूवर काढून ठेवतात. माझ्या हातून आपोआप..."

सुजय सर समुद्रापासून आतल्या पालीचे. डोंगर आणि आंबा एवढंच त्यांचं जग. "अगं, पण तो जपानी आहे," ते म्हणाले. रागावले मात्र नाहीत. "बूट चढव त्याला. सोमवारी पाठवू."

रुचिराने चित्र मोठं करून समोर घेतलं आणि तिचा हात थांबला. रेनच्या डाव्या पायाची करंगळी वाकडी होती, बाहेरच्या बाजूला मुरडलेली. नमुन्यात असलं काही नव्हतं. ती करंगळी तिच्या दादाची, संदेशची होती. लहानपणी होडीचा नांगर पडून चेचली होती, आणि तेव्हा दादा रडला नव्हता, रुचिराच रडली होती.

संदेश गेल्या वर्षी महिपतकाकाच्या बोटीवर गेला. बोट परत आली, तो आला नाही. उसळत्या पाण्यात जाळं ओढताना गेला एवढंच कळलं. खूप शोधलं, सापडला नाही. वाळूवर त्याच्या निळ्या चपला तेवढ्या राहिल्या, त्याच्या सवयीप्रमाणे एकावर एक ठेवलेल्या. आयेने, म्हणजे आई धोंडूबाईंनी, त्या उचलून आणल्या आणि घराच्या पायरीवर तशाच ठेवल्या. परत आला की पाय कशात घालील, म्हणाली. तेव्हापासून चपलांना कुणी हात लावला नव्हता. क्रियाकर्म करू म्हटलं की आये जेवणाच्या पानावरून उठायची. बाबांनी, खंडूने, दर्यावर जाणं सोडलं. घर रुचिराच्या पगारावर चाललं होतं.

आता कुठे जरा वाट दिसत होती. येत्या पितृपक्षात संदेशच्या नावाने पान ठेवायचं, त्याआधी भटजींना बोलावून जे करायचं ते करायचं आणि चपला दर्याला द्यायच्या, याला आयेने शेवटी मान हलवली होती. "एकदा चपला सोडलान् की मोकळी होईल ती," बाबा फोनवर म्हणाले होते. "तू ये गो बाय. तू असलीस की बरी ऱ्हाते." सोमवारी काम पाठवून त्या शनिवारी जायचं होतं.

आणि इथे संदेशच्या पायात बूट घालायचे होते. रुचिराने पेन टेकवलं, उचललं, परत टेकवलं. शेजारी बसणारा केतन म्हणाला, "दे, मी करतो. तू जा घरी." ती "नको" म्हणाली, आणि ते इतकं तुटक निघालं की तो बापडा खुर्ची वळवून बसला.

मग तिला युक्ती सुचली. एवढे सगळे शॉट बदलण्यापेक्षा आधी एकच नवा शॉट घालायचा. रेन होडीपाशी येतो, बूट काढतो, वाळूवर ठेवतो, पाण्याला हात लावून कपाळाला लावतो आणि अनवाणी चढतो. पुढचं सगळं आपोआप बरोबर ठरतं. बूटही जवळून दिसतात, खेळणीवालेही खूश. सुजय सरांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण विचारून पाहिलं. काम कमी होतंय म्हटल्यावर तिकडून लगेच होकार आला.

तो शॉट रुचिराने जीव लावून काढला. भूतमारीत तेवढाच एक तुकडा असा होता, की जो बघताना कुणी हसलं नसतं. बूट तिने एकावर एक ठेवले. वारा येतो, बुटांवर थोडी वाळू बसते, होडी लांब जाते. ती रडत रडत काढत होती आणि तिला बरंही वाटत होतं. दादासाठी आपल्या हातून काहीतरी झालं, असं तिला मनापासून वाटलं. सोमवारी शॉट गेला आणि चार दिवसांत दुरुस्त भाग इंटरनेटवर आला.

शनिवारी दापोलीमार्गे ती हर्णैला पोचली, तेव्हा किनाऱ्यावर मासळीच्या लिलावाचा गलका चालू होता. घरात मात्र सामसूम. उद्याच्या विधीसाठी नारळ, फुलं, दर्भ सगळं आणून ठेवलेलं. आयेने चपला ओल्या फडक्याने पुसून एका कापडी पिशवीत घातल्या होत्या आणि पिशवी दाराशी ठेवली होती. हे तिने स्वतः केलं होतं. रुचिराला ते बघून भडभडून आलं, पण हायसंही वाटलं.

जेवणं आटोपल्यावर बाबांनी मोबाइल पुढे केला. पोरीचं काम म्हणून ते भूतमारीचा प्रत्येक भाग बघत. भाषेतलं अक्षर कळत नसे. "तो बुटांचा भाग परत टाकलानी म्हणालीस ना? लाव."

रुचिराच्या मनात चर्र झालं. हा शॉट आये बघेल, हा विचार तिने केलाच नव्हता. "उद्या बघू," ती म्हणाली, पण आये शेजारी येऊन बसलीसुद्धा. "लाव गो. तेवढाच जीव रमेल."

लागला. रेन किनाऱ्यावर आला. त्याने बूट काढले, वाळूवर एकावर एक ठेवले, पाण्याला हात लावला, होडीत चढला. आये बघत राहिली. राक्षस आला, लाटा उसळल्या, तलवार या हातातून त्या हातात गेली, तिकडे आयेचं लक्षच नव्हतं. भाग संपला तशी तिने हळूच विचारलं, "मग? आला काय तो परत?"

तेवढ्यात मोबाइलवर पुढचा भाग आपला आपण सुरू झाला. तो दुसऱ्याच देशात, दुसऱ्याच कुणी, आधीच उरकून टाकलेला आणि आजच आलेला. पहिल्याच चित्रात रेन जंगलातून चालला होता आणि त्याच्या पायात लाल बूट होते.

उद्या जग पुन्हा हसणार होतं. बूट वाळूवर राहिले आणि पायातही आले! पण या घरात कुणी हसलं नाही.

"बघा," आये म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "पायात हायत. म्हणजे आला तो. किनाऱ्याला आला, घातलान् आणि गेला."

ती उठली. दाराशी गेली, पिशवीतून चपला काढल्या आणि पायरीवर ठेवल्या. एकावर एक.

बाबांनी मोबाइल पालथा घातला. "धोंडू, खेळ हाय तो," ते म्हणाले. मग लेकीकडे बघून म्हणाले, "सांग तिला."

सांगणं भाग होतं. वर्षभर बाबांनी जे जमवत आणलं होतं, ते आपण एका सुंदर चित्राने मोडलं हे रुचिराला लख्ख दिसत होतं. नुसते बूट चढवले असते तर आज काही झालं नसतं. ती आयेजवळ पायरीवर बसली.

"आये, ती चूक आहे गो. पुढचा भाग दुसऱ्यांनी केलाय. त्यांना माहीतच नव्हतं बूट काढलेले. तो परत आलेला कुणी चित्रात काढलेलाच नाही."

"नाय काढलानी?"

"नाही."

आयेने वरच्या चपलेचा पट्टा बोटाने सरळ केला. रुचिराला वाटलं, समजलं. आता रडेल आणि मोकळी होईल. तिने आयेच्या पाठीवर हात ठेवला.

"तो काढून ठेवतानाचा कुणी केलान्?" आयेने विचारलं.

"मी."

"तरीच. संदेश तशाच ठेवायचा." तिने रुचिराचा हात पाठीवरून घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला. उजवा हात, चित्रं काढायचा. त्याच्यावरून ती अंगठा फिरवत राहिली. "मग येतानाचा पण तूच काढ ना, बाय. त्यांना नाय ठाऊक. तुला ठाऊक हाय तो चालायचा कसा."

रुचिराला खरंच ठाऊक होतं. होडीतून उतरताना तो आधी डावा पाय टाकायचा आणि ओल्या वाळूवर पाय आपटत यायचा, ते सगळं तिच्या हाताला येत होतं. सोमवारी स्टुडिओत बसली तर दुपारपर्यंत होऊनही गेलं असतं. ते आपल्याला जमेल याचीच तिला भीती वाटली.

आत बाबांनी उद्याची फुलं ओल्या फडक्यात गुंडाळली, आणि भटजींना काय सांगायचं या विचारात फोन हातात घेऊन नुसते बसून राहिले.