शेल्बीच्या लखलखत्या पुंगळ्या

शेल्बीच्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या सोन्यासारख्या लखलखायच्या. नेमबाजीच्या क्लबात तिनं काडतुसांचा डबा उघडला, की मार्नीला आपला डबा झाकावासा वाटे.

शेल्बी तिची थोरली नणंद. मूलबाळ नाही, नवरा महिना महिना ट्रकवर, सगळी संध्याकाळ हिची. मार्नी वापरलेल्या पुंगळ्यांत पुन्हा दारू नि गोळी भरायची ती ओपल झोपली की. पण सात महिन्यांची तिची ती पोर झोपेतही ओठ चोखायची, आणि ते बघण्यातच मार्नीची निम्मी दुपार जायची.

यंदा क्लबाच्या संघात एकच जागा होती. शनिवारी हजार यार्डांवर दोघींपैकी जिचे बार एकमेकांच्या जास्त जवळ पडतील, तिची.

"चुलीतून काढल्यात का गं तुझ्या पुंगळ्या?" शेल्बीनं सगळ्यांदेखत विचारलं.

त्याच आठवड्यात मार्नीनं रिकाम्या पुंगळ्या साबणात घातल्या, आतबाहेर घासघासून आरशासारख्या केल्या.

"बार तर छान पडताहेत तुझे," डग, तिचा नवरा म्हणाला. "लक्ष्याला काय चकाकी दिसते?"

"तू तुझ्या बहिणीचीच बाजू घे!"

शनिवारी वारा तिनं बरोबर ओळखला. एकही बार आडवा गेला नाही. पण एक वर, एक खाली, शिडीसारखे.

शेल्बीचे सगळे मुठीत मावतील असे. दुर्बिणीतून मार्नीचं लक्ष्य बघत ती म्हणाली, "आतूनही घासल्यास?"

"तू नाही घासत?"

"घासते. मग पुंगळीच्या तोंडाच्या आत ग्राफाइटची पूड फिरवते. अगं, आतली काजळी म्हणजे वंगण. ती गेली की एक गोळी अडखळत बसते, दुसरी सुळकन. मग वेग सारखा कुठून येणार? बार वरखाली पडणारच."

"हे आधी नाही सांगितलंस!"

"विचारलंस कुठे? आणि जागा मलाही हवी होती की."

लांब गाडीजवळ ओपल रडत होती. डगला काही ती आवरेना. शेल्बी गेली, तिनं पोर खांद्यावर घेतली, पाठीवर दोनदा थोपटलं. ओपल गप्प. डोळेही मिटले.

मार्नी तरातरा चालत आली. "दे इकडे."

"झोपलीय गं आत्ताच."

"दे म्हणते ना."

हात बदलताच ओपल दचकून उठली आणि टाहो फोडू लागली. मार्नीनं तिला घट्ट धरलं, तिच्या घामट केसांत नाक खुपसलं, आणि रडू दिलं.