डाग गेलेला शर्ट

मी दाराआडच्या खुंटीवरून बोलतोय. निळा, जाड कापडाचा, छातीवर बारीक भोकं पडलेला मी एका कामगाराचा शर्ट. जरा हळूच बोलतो, कारण मोरीत बादली भरल्याचा आवाज येतोय आणि मला बादलीची फार भीती वाटते.

अठ्ठ्याण्णव साली एका शिंप्याने आम्हा दीडशे जणांना एकाच कापडातून बेतलं. खिशावर कंपनीचं नाव भरायचं राहिलं, ते कायमचंच. सातपूरच्या एका कारखान्यात खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली आणि पेढ्याच्या पुड्याबरोबर मला कुंदनच्या हातात दिलं. कुंदन टर्नर, म्हणजे लेथवर लोखंड कातून गोल भाग काढणारा. यंत्रांवरच्या झेंडूच्या माळाही त्याच्याच घरच्या होत्या. त्याचे वडील गोटीराम मखमलाबादला फुलं पिकवतात.

पहिल्याच दिवशी मी घाबरलो. लेथ सुरू झालं की लोखंडाचे तापलेले कण उडून छातीला चटके बसायचे. लोखंड तापू नये म्हणून त्यावर दुधासारखं पांढरं पाणी सोडतात, त्याला कूलंट म्हणतात. ते माझ्या बाह्यांवर उडायचं. वाळलं की पिवळट डाग आणि आंबूस, तेलकट वास.

कुंदनच्या बायकोला, सुवर्णाला, तो वास मुळीच सोसायचा नाही. "अहो, हा वास शर्टाचा आहे की तुमचा?" असं म्हणत ती मला सोड्यात भिजवायची आणि ब्रशने घासघास घासायची. डाग काही जायचे नाहीत. मला तेव्हा स्वच्छ व्हायचं होतं. केवढा मूर्ख होतो मी.

दोन हजार एकची दिवाळी झाली आणि कारखान्याच्या गेटवर बंदची नोटीस लागली. त्यानंतर सुवर्णाने मला दर पंधरवड्याला धुतलं आणि मला मळवायला कोणी नव्हतं. डाग एकेक करून गेले. तीन महिन्यांत कुंदनच्या नखांतलं काळंही गेलं. त्यांची दुसरीतली मुलगी दिशा एकदा त्याचा हात धरून खुशीत म्हणाली, "बाबा, तुमचे हात किती मऊ झाले." त्याने हात काढून घेतला.

तो पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून मुलाखतींना जाऊ लागला. परत आला की माझ्याशेजारी उभा राहून सुवर्णाला सगळं सांगायचा. आयटीआयचं सर्टिफिकेट बघेपर्यंत सगळं छान चाले. मग साहेब विचारत, "सध्या कुठे आहात?" कुंदन म्हणे, "घरीच." की पेन खाली आणि "कळवतो." एकाने तर तोंडावर सांगितलं, "चांगला टर्नर असतास तर आतापर्यंत कुणीतरी घेतलाच असता ना?" कुणी घेत नाही म्हणून तो घरी आणि घरी म्हणून कुणी घेत नाही. चार महिन्यांचे आठ झाले, आठांचे चौदा. सहा ठिकाणं झाली. नंतर नंतर निघताना तो कडी काढून पुन्हा लावायचा आणि ते बघून मीही खुंटीवर आक्रसायचो.

मग एक दिवस केरू आला. हा कुंदनचा जुना सोबती. कारखाना चालू असतानाच तो दुसरीकडे लागला होता.

"तू घरी हाय म्हणून सांगतोच कशाला?" तो म्हणाला. "पहिली पाळी करून आलो म्हण. अन् ह्या निळ्या शर्टातच जा. कामावरच्या माणसाला लय मान असतो."

सातव्या मुलाखतीला कुंदनने मला अंगात घातलं. आरशासमोर उभा राहिला आणि त्याचा चेहरा उतरला. मी स्वच्छ होतो. पाळी करून आलेला शर्ट असा नसतो. त्याने सायकलच्या चेनचं काळं ग्रीस बोटावर घेतलं आणि माझ्या मनगटाला पुसलं. त्याचं काळीज माझ्या खिशाखाली धडधडत होतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे, हा डाग आपला नाही.

अंबडच्या एका छोट्या कारखान्यात फोरमन होते खंडेराव. त्यांनी नेहमीचाच प्रश्न विचारला.

"सातपूरला आहे साहेब. लेथवर. पहिली पाळी करून आलो."

खंडेरावांनी माझी बाही चिमटीत धरली आणि वास घेतला. मला वाटलं, आता फाटलो तर बरं.

"तीस वर्षं लेथवर काढलीत मी," ते म्हणाले. "हे चेनचं ग्रीस आहे. कधीपासून घरी आहेस?"

"चौदा महिने." कुंदन म्हणाला. "खरं सांगितलं की कुणी मशीनपर्यंत जाऊच देत नाही, साहेब."

खंडेराव उठले आणि त्याला लेथवर घेऊन गेले. एका भागाचं ड्रॉइंग दिलं. कुंदनने लोखंड बसवलं आणि लेथ सुरू केलं. कूलंट सुटलं आणि डाव्या बाहीवर उडालं. चौदा महिन्यांनी. खंडेरावांनी माप घेतलं, दोनदा घेतलं.

"हात चांगला आहे तुझा," ते म्हणाले. "पण अर्जावर चौदा महिने घरी असं लिहावं लागेल, अन् मालक तिथेच थांबतात. मी बोलतो त्यांच्याशी. कळवतो."

पुन्हा तेच. त्या दिवशी सुवर्णाने मला बादलीत टाकायला उचललं आणि ती थबकली. डावी बाही तिने नाकाशी धरली. मग मला पुन्हा खुंटीला अडकवून ती पाठमोरी उभी राहिली आणि पदराने डोळे पुसले.

आज अठरा दिवस झाले. निरोप नाही. ती रोज माझी बाही नाकाशी धरते आणि रोज तिला तो वास सापडायला जरा जास्त वेळ लागतो. मोरीत बादली भरली की मी हादरतो. उद्या तिला काहीच वास आला नाही तर?

माणसं निवडणाऱ्यांनो, सध्या कुठे आहेस हे नंतर विचारा. आधी त्याला लेथवर उभं करा. आणि खंडेराव, तुम्ही वास घेतला आहे माझा. तो जायच्या आत बोलवा.